फूटभर समुद्राला पंप निवडताना

ठिबकच्या धंद्यात वीस वर्षं काढल्यावर पंप कसा निवडायचा हे मला कुणी शिकवायला नको, असा माझा समज होता. शेतकरी दुकानात आला की मी आधी तीन गोष्टी विचारते: विहीर किती खोल, बाग किती लांब, चढ किती. हेड, म्हणजे पाणी किती उंच चढवायचं ते, कळला, डिस्चार्ज, म्हणजे तासाला किती पाणी हवं ते, कळला, की पंप ठरला. दिंडोरी-पिंपळगाव पट्ट्यातल्या कितीतरी द्राक्षबागांना मी पंप काढून दिलेत. आणि नाशिकच्या इंदिरानगरमधल्या माझ्या घरातल्या, खाऱ्या पाण्यात पोवळी ठेवलेल्या चार फुटी काचेच्या टाकीला पंप घेताना एकदा सपशेल फसले, एकदा अर्धवट. तिसऱ्या वेळी जमलं. ते तिन्ही पंप अजून घरातच आहेत, म्हणून तिघांबद्दल लिहिते.

आधी टाकी. लांबी १२० सेंमी, रुंदी ६०, उंची फक्त ३०. पाणी २७ सेंमीपर्यंत. हिशोबाने १९४ लिटर बसतं, दगड आणि वाळूची जागा वजा केली की खरं पाणी १६५ लिटरच्या आसपास. एवढी उथळ का, असं घरी येणारा प्रत्येकजण विचारतो. मालवणला किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात तोंडाला नळी लावून डोकं बुडवलं होतं, तेव्हापासून समुद्र वरून बघायचा ही खोड लागली. शिवाय हॉलमध्ये दिवाणावर माझे सासरे, अण्णा, बसलेले असतात. त्यांना उठून काचेला डोळे लावणं जमत नाही. बुटकी टाकी बुटक्या स्टँडवर ठेवली की बसल्या जागेवरून वरून दिसते.

आत काय आहे तेही सांगून टाकते, कारण पंप त्यावर ठरतो. दगडी पोवळी आणि समुद्रपंखे आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. दुकानदार 'सगळे ठेवतात हो ताई' म्हणाला तरी त्या वाटेला जाऊ नका. माझ्याकडे सगळी दगडी सांगाडा नसलेली मऊ पोवळी: झोअँथिड, मशरूम, एक लेदर आणि मुठी उघडझाप करणारी झेनिया. जोडीला दोन क्लाउनफिश. पहिला झोअँथिड मुंबईहून थर्माकोलच्या डब्यात, पंचवटी एक्सप्रेसमध्ये मांडीवर ठेवून आणला. शेजारच्या बाईंनी इगतपुरीपर्यंत तीनदा विचारलं, केक आहे का.

आता पंपाचं. अशा टाक्यांना दोन तऱ्हेचे पंप लागतात आणि माझी पहिली गल्लत इथेच झाली. काही टाक्यांच्या खाली सम्प, म्हणजे दुसरी टाकी, असते; तिच्यातून पाणी वर चढवणारा रिटर्न पंप हा आपल्या ओळखीचा गडी: त्याला हेड लागतो आणि खोक्यावरचा आकडा शून्य हेडचा असल्याने वर येईपर्यंत तो बराच उतरतो. तासाला २००० लिटरचा पंप सव्वा मीटर चढवून जेमतेम १२०० देतो. पण वेव्हमेकर किंवा फ्लो पंप ज्याला म्हणतात, त्याला काहीच चढवायचं नसतं. तो पाण्यातच बसून पाण्याला ढकलतो. हेड शून्य, त्यामुळे माझं अर्धं शिक्षण तिथे बिनकामाचं.

पोवळं जागचं हलत नाही. त्याला अन्न आणि ऑक्सिजन आणून देणार ते पाणी, आणि त्याची घाण, चिकट स्राव, अंगावरची साल वाहून नेणारंही पाणीच. पाणी थांबलं की त्याच्या अंगालगत शिळ्या पाण्याचा पातळ थर चिकटून राहतो आणि ते तुपात ठेवल्यासारखं गुदमरतं. उलट एकाच बाजूने सतत झोत बसला तर ते मिटून घेतं, त्या बाजूचं मांस मागे हटतं. म्हणजे पाणी भरपूर हललं पाहिजे, पण कुणाच्या थोबाडावर बसता कामा नये. खोल टाकीत हे सोपं जातं, कारण झोताला पसरायला जागा असते. माझ्याकडे तीन सेंमी वाळू वजा जाता उरतं २४ सेंमी पाणी.

पंप पहिला: तासाला ५००० लिटर

कॉलेज रोडकडच्या एका दुकानातून घेतला. गोल चेंडूसारखा, दोन लोहचुंबकांनी काचेला चिकटणारा, साधा २३० व्होल्टचा, १२ वॅट. किंमत साडेआठशे. दुकानात गोल्डफिश आणि फ्लॉवरहॉर्नचं राज्य, खाऱ्या पाण्याचं गिऱ्हाईक क्वचित. पण मालक भला, बादलीत लावून दाखवला. बादलीतलं पाणी असं उसळलं की मी लगेच पैसे काढले. मऊ पोवळ्यांना टाकीच्या दहा-वीस पट पाणी तासाला फिरावं असा ढोबळ नियम वाचला होता. १६५ गुणिले २० म्हणजे ३३००. हा ५००० देतो, मग जास्तच चांगला की! विहिरीवर अर्धा एचपी जास्तीचा घ्यावा तसा घेतला.

घरी लावला आणि दहा मिनिटांत वाळूत थाळीएवढा खड्डा पडला, खालची काच दिसायला लागली. उडालेली वाळू सगळी मशरूमवर. पंप वर सरकवला तर पाण्याच्या पृष्ठभागावर भोवरा पडून तो हवा ओढू लागला: घुर्र घुर्र आवाज आणि टाकीभर बारीक बुडबुडे. अण्णा दिवाणावरून म्हणाले, "अगं, सोडा वॉटर केलंस का त्याचं?"

हिशोब बघा. पंपाचा चेंडू आठ सेंमीचा. बरोबर मध्ये लावला तरी वर आठ, खाली आठ. झोत निघाल्यावर पसरतो, त्यामुळे वीतभर अंतरातच तो खाली वाळूला आणि वर पृष्ठभागाला भिडतो. खोल टाकीत याच पंपाने काही बिघडलं नसतं. उथळ टाकीत पंप बसवायला फक्त बोटभर पट्टा असतो, आणि वेग कमी करायची सोय नसेल तर तो पट्टाही उरत नाही. मी त्याला मागच्या काचेकडे वळवून बघितलं, झोत काचेवर फोडून पसरवायला. बरंच शमलं. मात्र बरोबर समोर बसलेला लेदर आठवडाभर मिटूनच होता.

त्यातच मार्च-एप्रिल आला. उथळ टाकीचं तोंड मोठं: माझ्या टाकीचा पृष्ठभाग पाऊण चौरस मीटरला थोडा कमी, म्हणजे पातळी एक सेंमी उतरली की ७.२ लिटर पाणी उडालं समजा. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात, पाण्यावर पंखा सोडलेला असताना, एवढं दिवसभरात सहज जातं. मीठ मागेच राहतं, त्यामुळे खारेपणा हजारी ३५ वरून ३६ च्या पुढे सरकतो. हे सगळे जाणतात. पंप विकणारा सांगत नाही तो भाग असा: पातळी एक सेंमी उतरली की कालपर्यंत गुपचूप चालणारा पंप आज हवा ओढायला लागतो. संध्याकाळी बागांवरून परत यावं तर टाकी गुरगुरतेय. पाणी आपोआप भरणारा टॉप-अप बसवल्यावर हा त्रास संपला. माझं स्पष्ट मत आहे की उथळ टाकीत टॉप-अप आधी घ्यावा, भारी पंप नंतर. भरायला आरओचं पाणी, नळाचं नाही.

पाच महिन्यांनी या पंपाच्या चुंबकावरचं प्लॅस्टिक तडकलं आणि आतून गंजाचा लाल ओघळ दिसला. खाऱ्या पाण्यात गंज म्हणजे विष. त्याच क्षणी बाहेर काढला. दुकानात नेला तर, "ताई, पाण्यातल्या वस्तूला वॉरंटी नसते." पाण्याच्या पंपाला! मी वाद घातला नाही, हसूच आलं. मोटर ठीक होती म्हणून ते चुंबक काढून टाकलं, आता हा पंप नुसताच पिंपाच्या तळाशी पडून मीठ ढवळतो. चाळीस लिटर आरओच्या पाण्यात मीठ टाकून रात्री सुरू केला की सकाळी पाणी काचेसारखं नितळ. ढवळायच्या पिंपासाठी याला पाचपैकी पाच. टाकीसाठी एक.

पंप दुसरा: क्रॉसफ्लो

दुसऱ्या खेपेला दुकानात जाण्याआधी अभ्यास केला. घरातल्या स्प्लिट एसीचं झाकण उघडलंत तर आत एक लांब, पट्ट्यापट्ट्यांचा दंडगोल फिरताना दिसतो. क्रॉसफ्लो पंप म्हणजे तोच दंडगोल, पाण्यात. पंख्याचा पंप बागेत औषध मारायच्या ब्लोअरसारखा शंकूच्या आकाराचा झोत टाकतो, तर हा रुंद आणि पातळ चादर सोडतो. मॅक्सस्पेक्ट कंपनीच्या गायर पंपाने हा प्रकार घरोघरी नेला, जेबाओसारख्या चिनी कंपन्यांनी तो स्वस्त केला. आखूड बाजूला, पाण्याच्या पृष्ठभागाखाली आडवा लावला की चादर वरच्या वर चार फूट जाते, समोरच्या काचेवर आपटून खाली वळते आणि तळावरून परत येते. पूर्ण टाकी एक सावकाश फिरणारं चाक होते. उथळ टाकीसाठी कागदावर याहून चांगलं काही नाही.

मी घेतला तो एका चिनी कंपनीचा, २४ व्होल्टचा, वेगाचं बटण असलेला. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे.

फरक पहिल्या दिवशी दिसला. मुलाच्या शाळेच्या प्लॅस्टिकच्या पट्टीला मी दर पाच सेंमीवर लोकरीचे तुकडे चिकटवले आणि ती पट्टी टाकीत ठिकठिकाणी उभी धरून बघितली. वरचे धागे समोर झुकलेले, खालचे उलट्या दिशेला, मधला लोंबकळलेला. चाक फिरतंय याचा याहून स्वस्त पुरावा नाही. तीस टक्क्यांवर वाळूचा एक कण हलला नाही. लेदरने दोन दिवसांत अंगावरची मेणचट साल टाकली आणि हाताच्या पंजासारखा उघडला.

मग मला अवदसा आठवली. कंट्रोलरवर 'वेव्ह' म्हणून बटण होतं: पंप क्षणभर चालतो, क्षणभर थांबतो. कालावधी वाढवत कमी करत गेले आणि दीड सेकंदाला पोचताच टाकी डुलायला लागली. प्रत्येक टाकीतल्या पाण्याचा स्वतःचा एक हेलकावा असतो, तो लांबी आणि खोलीवर ठरतो. चार फूट लांब आणि २७ सेंमी खोल पाण्याचा तो बरोबर दीड सेकंदाच्या घरात येतो. पंपाचा ठोका त्याच्याशी जुळला की झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिल्यासारखं होतं. आणि माझी काच पाण्याच्या वर फक्त तीन सेंमी. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, माणूस उडी मारतो तेव्हा काठावरच्या लोकांचं जे होतं, ते माझ्या फरशीचं झालं. खारं पाणी स्टँडच्या प्लायवर आणि तिथून थेट एक्स्टेंशन बोर्डकडे. आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, खटकन पडला म्हणून बरं. ज्यांच्या घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नाही त्यांनी पंपाच्या आधी तो बसवून घ्यावा, आणि प्रत्येक वायरला बोर्डाच्या खाली येईल असा झोळ ठेवावा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या टोकाशी गळून पडेल. वेव्हचं बटण मी चिकटपट्टी लावून बंद करून टाकलं.

तक्रार आवाजाची. सात महिन्यांनी त्याच्या टोकाचं बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती छोटी नळी, झिजलं आणि दंडगोल खडखडू लागला. दिवसा ऐकू येत नाही, पण रात्री अण्णांच्या उशापासून पाच फुटांवर टिटवी ओरडल्यासारखं. सुटं बुश नाशकात मिळालं नाही. दुकानदार म्हणाला नवाच घ्या. शेवटी मुंबईहून तीन आठवड्यांनी आलं. शिवाय हा पंप साफ करणं म्हणजे आठ-दहा तुकडे सुटे करणं, पट्ट्यांच्या फटीत जुना टूथब्रश घालणं. गुलाबी चुन्याचं शेवाळ चढलं की वेग घटतो. उपाय स्वयंपाकघरातला: लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व, त्यात अर्धा तास बुडवून चालवायचा. फसफस होऊन चुना विरघळतो. मग साध्या पाण्याने दोनदा धुवायचा.

म्हणून याला पाचपैकी साडेतीन. जादा बुशचा संच पंपाबरोबरच मागवा, हे आधी माहीत असतं तर चार दिले असते.

पंप तिसरा: ट्युंझे ६०४०

क्रॉसफ्लोचं चाक चांगलं, पण चाकाच्या मध्यभागी आणि दगडांच्या मागे पाणी मेलेलंच. लोकरीचा मधला धागा तेच सांगत होता. एका उजव्या मागच्या कोपऱ्यात तर राखाडी गाळ साचून वाळूवर लाल-काळा बुळबुळीत पापुद्रा यायला लागला. अजून एक लहान पंप हवा होता, आणि मी यावेळी मोठ्या आकड्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं.

व्होर्टेक एमपी१० चा मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. त्याची मोटर काचेबाहेर आणि आत फक्त पंखा. उष्णता बाहेर, वायर बाहेर. १० मिमी काचेपर्यंत चालतो आणि माझी काच दहाचीच. पण माझी टाकी मागून आणि एका बाजूने जवळजवळ भिंतीला टेकलेली. मोटरला पुरेल एवढी जागाच नाही. किमतीनेही तोंडाला पाणी नाही, घशाला कोरड आणली. ज्यांची टाकी चारही बाजूंनी मोकळी आहे त्यांनी जरूर विचार करावा.

ट्युंझे ही बायर्नमधल्या पेन्झबर्गची जर्मन कंपनी. त्यांचा नॅनोस्ट्रीम ६०४० मला दादरच्या एका छंदिष्टाकडून जुना मिळाला. तासाला २०० ते ४५०० लिटर. सगळ्यांची नजर ४५०० वर जाते. माझ्यासारख्या टाकीला २०० चा आकडा महत्त्वाचा. ज्याला हळू चालता येतं तोच पंप उथळ पाण्यात कामाचा. वेगाने धावणारे ढिगाने मिळतात. आम्ही शेतकऱ्याला हेच सांगतो की ठिबकात ड्रिपर किती लिटरचा ते बघा, नुसता पंपाचा एचपी नका बघू.

चुंबकाला गोल खोबण आहे आणि तिच्यात पंप कुठल्याही दिशेला वळवता येतो. मी तो मागच्या काचेवर, उजव्या कोपऱ्यापासून वीतभर अंतरावर, तोंड किंचित वर आणि तिरकं करून लावला. झोत क्रॉसफ्लोच्या परतणाऱ्या पाण्याला कापतो आणि दोन प्रवाह जिथे भिडतात तिथे पाणी कुठल्याच एका दिशेला जात नाही. झोअँथिडच्या झालरी आता कधी इकडे कधी तिकडे झुलतात. नेमकं हेच हवं होतं. दिवसा दोन्ही चालतात, रात्री टायमरने फक्त हा, मंद. अण्णांना झोप लागते.

मशरूमना एवढंही नको असतं. त्यांना एका सपाट दगडाच्या आडोशाला सरकवलं. पंपाशी भांडण्यापेक्षा कधीकधी पोवळं हलवणं सोपं.

दोन्ही चांगले पंप २४ व्होल्टचे असण्याचा फायदा मे महिन्यात कळला. वळवाचं वारं सुटलं की आमच्याकडे तास-दोन तास वीज जातेच. घरातला जुना इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा. त्यावर साधा २३० व्होल्टचा पंप भुणभुणतो आणि तापतो. ॲडॅप्टरवर चालणाऱ्या २४ व्होल्टच्या पंपाला त्याचं सोयरसुतक नाही. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, म्हणजे वीज जाते ती नेमकी सगळ्यात वाईट वेळी. वेग कमी ठेवून एकटा ट्युंझे सोडला की बॅटरीवर टीव्हीपेक्षा कितीतरी कमी भार पडतो. उथळ टाकीची एक गोष्ट इथे पथ्यावर पडते: तोंड मोठं असल्याने पृष्ठभाग नुसता थरथरत राहिला तरी हवा मिसळते.

याला साडेचार. अर्धा गुण किमतीसाठी कापला. जुना घेऊनही क्रॉसफ्लोपेक्षा महाग पडला.

चार फुटी उथळ टाकी करत असाल आणि पैसे एकाच पंपापुरते असतील, तर क्रॉसफ्लो घ्या आणि तीस टक्क्यांच्या वर नेऊ नका. टाकी दोन-अडीच फुटांची असेल तर क्रॉसफ्लोच्या चादरीला धावायला जागा पुरत नाही, तिथे वेग कमी होणारा एक छोटा पंख्याचा पंप बस्स. वाळू दोन-तीन मिलिमीटरच्या दाण्याची, जाड घ्या. माझी बारीक आहे आणि त्याचा पश्चात्ताप रोज होतो. आणि दुकानात पंप बादलीत उसळताना बघून भुलू नका. बटण सगळ्यात खाली करून बघा, पंख्याचा आवाज न होता तो फिरतो का ते ऐका.

मागचा उजवा कोपरा अजून पूर्ण सुधारलेला नाही. दर रविवारी मुलगा त्याची रंगपंचमीची जुनी पिचकारी घेतो आणि तिथला गाळ उडवतो. अण्णा दिवाणावरून सूचना देतात, आणि क्लाउनफिश दर वेळी पिचकारीला चावायला धावतात.